परशूवर चढणारं तांब्याचं पान

माहूरगडाची कथा परशुरामावाचून पुरी होत नाही. वडील जमदग्नींचे अंत्यसंस्कार त्याने इथेच केले, अशी श्रद्धा आहे. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा नवरात्राच्या देखाव्यात परशुराम आला, की परशूही आलाच. तो बहुतेक पुठ्ठ्याचा, वरून चंदेरी कागद. शेवटच्या रांगेतूनही ओळखू येणारा!

शस्त्राला वरून पत्रा मढवला की ते नकली ठरतं, अशी आपली एक समजूत. अस्सल वस्तू मात्र वेगळंच सांगतात. इंग्लंडमधल्या सटन हू इथे 1939 साली सातव्या शतकातलं एक लोखंडी शिरस्त्राण सापडलं, तेही शेकडो तुकड्यांत. त्याला बाहेरून कल्हई केलेल्या काशाचे पातळ पत्रे जडवले होते आणि कोरीव ठशावर दाबून त्यांवर योद्ध्यांची चित्रं उठवली होती. त्याची प्रतिकृती करायची, तर पत्रा हवाच.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. लातूर-नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या बीदरचे कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत नक्षी खोदतात आणि चांदीचे पत्रे त्याच आकारात कापून खाचेत ठोकून बसवतात. याला तहनिशान म्हणतात. पुढे नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप दिला की मिश्रधातू काळाभोर होतो, चांदी तशीच लखलखते. तलवारींच्या मुठीही या कामात घडल्या आहेत.

हौशी माणसाला हे जमणार नाही, पण तांब्याचा पत्रा जमेल. जाडी 0.1 मिलिमीटरच्या आसपास असावी. स्वयंपाकघरातली फॉइल याच्यापेक्षा कितीतरी पातळ, ती फाटते. पत्रा रबरावर पालथा ठेवायचा आणि बोथट टोकाने नक्षी दाबायची. मागचे खळगे पुट्टीने भरायचे, नाहीतर पहिल्याच धक्क्याला नक्षी चेपते. मग परशूच्या लाकडी पात्यावर चिकटवून कडा मागे दुमडायच्या. वरून काळा रंग फासून लगेच पुसला, की तो खाचांत उरतो आणि नक्षी उठून दिसते. घाईचे लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी लागते, तेव्हा हातमोजे घालावेत. शेवटी पारदर्शक लॅकरचा हात द्यावा. तो नसेल तर दमट हवेत तांबं काळवंडतं.