भिंत खरी वाटेल, पण वीट मोजून लावा!

आर्किटेक्चरच्या मुलांची सबमिशनच्या आदल्या रात्रीची स्क्रीन कधी पाहिली आहे? भिंती, जिने, छप्पर सगळं जागेवर असतं, पण घर पांढरंफटक! आता त्याला वीट, लाकूड, दगड 'लावायचा' असतो. तो लावायचा म्हणजे प्रत्यक्षात फोटो चिकटवायचा. वस्तूच्या पृष्ठभागावर चित्र चढवण्याच्या या प्रकाराला टेक्स्चर मॅपिंग म्हणतात. एडविन कॅटमल या विद्यार्थ्याने 1974 मध्ये युटा विद्यापीठातल्या पीएचडीच्या प्रबंधात ही कल्पना मांडली. पुढे पिक्सार उभारणाऱ्यांपैकी एक तो हाच. म्हणजे तुमची विटांची भिंत आणि 'टॉय स्टोरी' एकाच घराण्यातले!

आपल्याकडे बहुतेक जण याची सुरुवात स्केचअपवर करतात. पेंट बकेट उचलली, वीट निवडली, क्लिक केलं, झालं. इतकं सोपं असल्यामुळेच इथे भलतेच घोटाळे होतात. सर्वांत मोठा घोटाळा मापाचा. सॉफ्टवेअरला तुमच्या फोटोत वीट आहे की बिस्कीट, हे कळत नाही. ते माप तुम्ही सांगायचं असतं. मॉड्युलर वीट 190 बाय 90 बाय 90 मिलिमीटरची. दरजेचे 10 मिलिमीटर धरले की हिशोब 200 आणि 100 चा होतो. फोटोत आडव्या चार विटा आणि उभे दहा थर असतील, तर मटेरिअलच्या एडिटमध्ये रुंदी 800 आणि उंची 1000 मिलिमीटर टाका. मग 3 मीटर उंच भिंतीत बरोब्बर 30 थर येतात. हे केलं नाही तर थर पाचच दिसतात आणि शेजारचा दरवाजा खेळण्यातला वाटतो. ज्युरीतले सर काही न बोलता फक्त थर मोजतात, आणि मग आपली वाट लागते.

दुसरी भानगड ग्रुपची. ग्रुपवर बाहेरूनच रंग ओतला की राइट क्लिकमध्ये टेक्स्चरचा पर्यायच सापडत नाही. डबल क्लिक करून आत जायचं, नेमक्या त्या फेसवर चित्र लावायचं आणि मग टेक्स्चर, पोझिशन. तिथे चार रंगीत पिना येतात. लाल पिन चित्र सरकवते, हिरवी फिरवते आणि लहानमोठं करते, निळी तिरकं करते आणि पिवळी ताणते. तिरक्या कोनातून काढलेला जुन्या वाड्याच्या दर्शनी भागाचा फोटो सरळ बसवायला ही पिवळी फार कामाची. गोल भिंतीवर मात्र नुसतं क्लिक करून भागत नाही, चित्राचे तुकडे तुकडे होतात. चित्र आधी समोरच्या सपाट फेसवर लावा, राइट क्लिकमध्ये 'प्रोजेक्टेड' निवडा, विंडोजवर ऑल्ट दाबून तेच मटेरिअल उचला आणि गोल भागावर ओता.

आता फोटो आणायचा कुठून? रेडिमेड चित्रं ढिगाने मिळतात, पण कोकणातल्या घराला युरोपातली गुळगुळीत वीट लावली की ते घर कोकणातलं राहत नाही. जांभा, काळा बेसाल्ट, शहाबादी फरशी यांचे फोटो आपणच काढलेले बरे. ढगाळ दिवस बघा, कारण उन्हातली सावली फोटोत अडकली की ती प्रत्येक फरशीवर पुन्हा पुन्हा उमटते. भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहा. कडा जुळण्यासाठी फोटोशॉपमधला ऑफसेट फिल्टर वापरून चित्र अर्धं सरकवा. कडांचा जोड मधोमध येतो, तो क्लोन स्टॅम्पने पुसून टाका.

हे फक्त मार्कांपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. इंटर्नशिपला गेलात की हीच चित्रं फ्लॅटच्या जाहिरातीत जातात. साधी टाइल लागणार असते आणि कुणीतरी सहज म्हणतं, 'इटालियन मार्बल टाक ना, भारी दिसतं!' तुमच्यासाठी तो एक क्लिक असतो, पण ते चित्र बघून कुणाचे तरी आईबाबा बुकिंगची रक्कम भरतात. 2016 च्या रेरा कायद्याचं 12 वं कलम नेमकं यावर आहे. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला माघार घ्यायची असेल तर सगळे पैसे व्याजासह परत! जबाबदारी बिल्डरची असली तरी चित्र तुम्ही लावलेलं असतं. म्हणून टाकण्याआधी 'हे खरंच लागणार आहे का?' एवढं विचारायला काय हरकत आहे?

तिसऱ्या वर्षाची एक मैत्रीण यासाठी दोनच गोष्टी करते. गावी जाताना पिशवीत टेप ठेवते आणि फोटो काढताना ती भिंतीला लावून धरते. फाइलच्या नावात दगड, गाव आणि माप लिहिते. तिच्या फोल्डरमध्ये सध्या जांभ्याच्याच अकरा फाइल्स आहेत, आणि ग्रुपवर सबमिशनच्या आठवड्यात सगळ्यात जास्त मागणी त्यांनाच असते.