पाच-शून्यने हरला म्हणजे धुलाई झाली असं नाही! बॉक्सिंगचा निकाल असा वाचा

सोलापूर : जत्रेतल्या कुस्तीचा निकाल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाठ मातीला लागली की मैदानातला शेवटचा माणूसही उठून उभा राहतो. पण गुणांवर आली की कुस्तीतही वाद होतो. जानेवारी २०२३ ची महाराष्ट्र केसरी आठवा. माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख, दोघंही आपल्याच जिल्ह्याचे. बाहेरच्या टांगेला चार गुण बरोबर की चूक, यावर पारावर किती दिवस भांडणं चालली!

बॉक्सिंगमध्ये तर जवळजवळ प्रत्येक लढत अशी गुणांवरच जाते. ऑलिम्पिक किंवा आशियाई स्पर्धेत भारताचा खेळाडू '४-१ ने हरला', '५-० ने हरला' अशी बातमी मोबाईलवर येते आणि आपण म्हणतो, "लई मार खाल्ला दिसतोय." इथंच आपली चूक होते. हा आकडा ठोशांचा नसतो, गुणांचाही नसतो. किती पंचांनी कुणाला विजयी ठरवलं, एवढंच तो सांगतो.

गुण कोण देतं?

रिंगमध्ये खेळाडूंसोबत फिरणारा रेफ्री गुण देत नाही. तो नियम पाळले जातात का ते बघतो, लढत थांबवतो, ताकीद देतो. गुण देतात ते रिंगबाहेर वेगवेगळ्या बाजूंना बसलेले पाच पंच. मोठ्या स्पर्धेत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. लहान वयोगटात फेरीचा वेळ कमी असतो.

प्रत्येक फेरी संपली की पंच सरस खेळाडूला १० गुण देतो. दुसऱ्याला चुरशीच्या फेरीत ९, फेरी स्पष्ट एकतर्फी असेल तर ८, अगदीच निभाव लागला नाही तर ७. दोघांना सारखे गुण देता येत नाहीत. म्हणजे फेरीत केसाएवढा फरक असला तरी १०-९ होतंच.

आता हिशेब बघा

समजा आपल्या पोरानं दुसरी फेरी घेतली आणि पहिली-तिसरी थोडक्यात गमावली. त्याचे गुण ९ अधिक १० अधिक ९, म्हणजे २८. समोरच्याचे २९. पाचही पंचांना असंच दिसलं, तर निकाल लागतो ५-०. प्रत्यक्षात प्रत्येक पंचाकडे फरक फक्त एका गुणाचा!

उलटंही घडतं. तीन पंचांनी 'अ' ला २९-२८ ने जिंकवलं आणि दोघांनी 'ब' ला ३०-२७ ने. सगळे गुण एकत्र केले तर 'ब' चे १४४ आणि 'अ' चे १४१. तरी जिंकतो 'अ', ३-२ ने. कारण पाच पंचांच्या गुणांची बेरीज होत नाही, प्रत्येक पंचाचं एक मत धरलं जातं.

पंच बघतात काय?

मुठीचा पुढचा भाग चेहऱ्यावर, डोक्याच्या बाजूला किंवा पट्ट्याच्या वर पोटा-छातीवर स्वच्छ बसला पाहिजे. दंडावर, ग्लोव्हजवर अडलेला ठोसा कितीही जोराचा असो, तो धरत नाहीत. त्यानंतर लढतीवर ताबा कुणाचा, डावपेच कुणाचे सरस, जिद्द कुणाची, हे बघतात. टीव्हीवर आपल्याला एकाच बाजूनं दिसतं. पंचांची जागा वेगळी, म्हणून मतही वेगळं पडू शकतं.

घोळ झालेच नाहीत का?

झाले की. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये भारताच्या संघात मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार हे खेळाडू होते. पिंगळेंना पुढं अर्जुन पुरस्कार मिळाला, बिराजदारांना २००२ मध्ये ध्यानचंद पुरस्कार. त्याच सोलमध्ये ७१ किलोच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सचे ८६ ठोसे बसल्याची मोजणी झाली, कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२. तरी सुवर्णपदक पार्कला, ३-२ ने! जगभर ओरड झाली आणि १९९२ पासून ऑलिम्पिकमध्ये बटण दाबून संगणकावर ठोसे मोजायला सुरुवात झाली. मग खेळाडू नुसते टिचक्या मारून गुण गोळा करू लागले. शेवटी २०१३ मध्ये ती पद्धत सोडून दहा गुणांची पद्धत आणली.

तरी वाद संपले नाहीत. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सरिता देवीनं उपांत्य लढतीचा निकाल मान्य नसल्यानं कांस्यपदक गळ्यात घालून घेतलं नाही. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. २०२४ च्या पॅरिसमध्ये निशांत देव मेक्सिकोच्या खेळाडूकडून ४-१ ने हरला, तेव्हा तोच जिंकला असं म्हणणारे कितीतरी होते.

पालकांनी काय करावं?

शालेय किंवा जिल्हा स्पर्धेत पोरगं-पोरगी हरली, कागदावर ५-० दिसलं, म्हणून लगेच "हे तुझ्या नशिबात नाही" म्हणू नका. प्रत्येक फेरीचे गुण काय होते ते प्रशिक्षकांकडून समजून घ्या. लढतीचा व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून एक-एक फेरी बघा आणि फक्त स्वच्छ बसलेले ठोसे मोजा. आरडाओरडा ऐकत बघितलं की आपलाच ठोसा बसल्यासारखा वाटतो.

२९-२८ असेल, तर कमी पडली ती एक फेरी. ती कुठली आणि का गेली, एवढं शोधायचं. २७-३० असेल, तर तिन्ही फेऱ्या गेल्या, मेहनत जास्त लागणार. दोन्हींचा निकाल कागदावर ५-०च येतो. पण एक पोरगं दारापाशी पोचलेलं असतं आणि आपण त्याला तिथूनच घरी आणतो.