न बोलाविता आलेला वैद्य

वैद्याला बोलावणे पाठवावे लागते. आपण होऊन दाराशी येऊन 'तुम्हांला रोग जडला आहे' असे जो सांगतो, त्याचे औषध घेण्यापूर्वी नायगावातला कोणीही माणूस दहादा विचार करील. परंतु तीच गोष्ट फोनवरून घडली म्हणजे भलेभले शिकलेले लोकही फसतात. असे का व्हावे, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

प्रकार असा घडतो. संगणकाच्या पडद्यावर एकाएकी इशारा झळकतो आणि त्याखाली फोनचा क्रमांक असतो. किंवा फोनच येतो. 'आम्ही मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञ. तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे.' पुरावा म्हणून तो संगणकातीलच एक नोंदवही उघडावयास सांगतो. तीत चुकांच्या ओळीच ओळी दिसतात आणि आपले धाबे दणाणते. वस्तुतः प्रत्येक निरोगी संगणक आपल्या बारीकसारीक अडखळण्याची अशी रोजनिशी लिहीतच असतो. शिंक आली म्हणून क्षय ठरविण्यापैकीच हे!

मग एनीडेस्कसारखे एखादे ॲप घ्यावयास तो सांगतो. हे साधन मुळात वाईट नव्हे. दूरच्या माणसाला आपले यंत्र हाताळू देणे एवढेच त्याचे काम. पण परवानगीचा आकडा सांगितला की घराची किल्ली परक्याच्या हाती गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच धोक्याविषयी बँकांना सावध केले होते.

हे करणारे कोणी जादूगार नव्हेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले व सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. तेथील तरुण अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना अटकेची भीती घालीत. सोंग निराळे, कसब तेच: आधी भीती, मग घाई, मग 'कोणाला सांगू नका'. कुलूप तो फोडीत नाही; भ्यालेला माणूसच ते उघडून देतो.

म्हणून फोन ठेवून द्यावा. त्यात उद्धटपणा नाही. मायक्रोसॉफ्ट न मागता असे फोन करीत नाही, आणि तिच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक नसतो. चूक होऊन गेलीच, तर इंटरनेट तोडावे, १९३० या क्रमांकावर व बँकेत तत्काळ कळवावे, आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. वाटेत तो अडविता येतो, पण वेळीच कळले तर.

येथेच खरी अडचण आहे. 'लोक काय म्हणतील' म्हणून सोयाबीनचे किंवा पेन्शनचे पैसे गमावलेला माणूस मुलालाही सांगत नाही, आणि त्या मौनात चोराला हवा तेवढा अवधी मिळतो. फसलेल्याला आपण हसलो, तर पुढचा फसलेला गप्प बसेल. तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या माणसांना एवढेच सांगू या: चूक झाली तरी आधी आम्हांला सांगा, आम्ही रागावणार नाही.