पन्नाशीनंतर पळायला लागताना

"डॉक्टर, वय चोपन्न आहे. आता पळायला सुरुवात केली तर चालेल का?" हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत निवृत्तीला आलेले शिक्षक असतात, बँकेतील कर्मचारी असतात, दुकानदार असतात आणि मुलांची लग्नकार्ये उरकून थोड्या मोकळ्या झालेल्या गृहिणीही असतात. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन २०१२ साली. आता लहान गावांतही पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती होऊ लागल्या आहेत. शेजाऱ्याच्या गळ्यात पदक दिसते आणि आपणही पळावे असे वाटू लागते. मग कुठल्यातरी शर्यतीत कुणी कोसळल्याची बातमी येते आणि घरचे म्हणतात, "या वयात नसते उद्योग कशाला?"

उत्तर थोडक्यात द्यायचे तर, होय, चालेल. मात्र त्याला तीन अटी आहेत. हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी, वेग कमी ठेवावा आणि घाई करू नये. यातील तिसरी अट सर्वांत जास्त मोडली जाते, म्हणून तिच्याविषयी आज थोडे सविस्तर लिहितो.

दोन धावपटू

जगभर ज्यांची नावे घेतली जातात असे दोन धावपटू पाहू. पहिले अमेरिकेतील जिम फिक्स. पस्तिसाव्या वर्षी ते जाडजूड होते आणि दिवसाला सिगारेटची दोन पाकिटे ओढत. त्यांनी पळायला सुरुवात केली, सिगारेट सोडली, वजन उतरवले आणि १९७७ साली पळण्यावर लिहिलेले त्यांचे पुस्तक लाखोंनी खपले. १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, पळत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या चरबीने बऱ्याच तुंबलेल्या आढळल्या. त्यांच्या वडिलांनाही पस्तिशीत हृदयविकाराचा झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते. पळण्यामुळे त्यांच्या रक्तवाहिन्या तुंबल्या नव्हत्या. तो आजार आत होताच. पळण्याने तो बरा झाला असे समजणे मात्र चुकीचे होते.

दुसरे पंजाबच्या जालंधर जिल्ह्यातील शेतकरी फौजा सिंग. पत्नी आणि नंतर तरुण मुलगा गेल्यावर ते इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाकडे राहू लागले. मन रमवण्यासाठी पळू लागले आणि २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, लंडन मॅरेथॉन पळाले. पासपोर्टवर त्यांचे जन्मसाल १९११ होते. जन्माचा दाखला नसल्याने गिनेस बुकाने त्यांच्या वयाचा विक्रम नोंदवला नाही. २०११ साली टोरांटोत त्यांनी ४२.१९५ किलोमीटरचे पूर्ण अंतर आठ तासांहून थोड्या जास्त वेळात कापले. हिशोब केला तर हा वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे झपाझप चालण्याचा! त्यांचे हे हळूपण आपण उचलण्यासारखे आहे.

धोका किती?

पळताना मरण येते का? येते, पण फार क्वचित. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉनचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत बंद पडले आणि त्यांतले ४२ दगावले. म्हणजे सुमारे दोन लाखांत एकाला हा प्रसंग आला. त्या ५९ पैकी ५१ पुरुष होते.

तरीही आपण जास्त सावध राहावे, याला कारण आहे. अनेक देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारतीय उपखंडातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर येतो असे आढळले. त्यात आपल्याकडे मधुमेह आहे, तंबाखू आहे, गुटखा आहे, मिश्री आहे. म्हणून पन्नाशीनंतर पळू इच्छिणाऱ्याने आधी रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि ई.सी.जी. काढावा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तंबाखूचे व्यसन असेल, वडील वा भाऊ यांना पंचावन्नच्या आत अथवा आई वा बहीण यांना पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर पट्ट्यावर चालवून घेतात ती स्ट्रेस टेस्ट करावी का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. आणखी एक गोष्ट. बसल्या जागी काढलेला ई.सी.जी. चांगला आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे सिद्ध होत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशीपुढच्या ५३८ धावपटूंवर आणि त्याच वयाच्या ४२३ न पळणाऱ्यांवर लक्ष ठेवले. १९ वर्षांनंतर पळणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर न पळणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोक मरण पावले होते. उठणे-बसणे, कपडे घालणे, चालणे यांतील परावलंबनही पळणाऱ्यांना बरेच उशिरा आले. पळणारी माणसे मुळातच जरा सडपातळ आणि कमी धूम्रपान करणारी असतात, तेव्हा सगळे श्रेय पळण्याला देता येत नाही. पण फरक दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

दम वाढतो लवकर, पाय तयार होतात उशिरा

आता मुख्य मुद्दा. पळायला लागल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने सुधारत नाहीत. रक्ताचे प्रमाण वाढणे, हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त फेकणे, स्नायूंनी प्राणवायू अधिक वापरणे, हे बदल काही आठवड्यांतच सुरू होतात. सकाळी उठल्यावरची नाडी हळूहळू उतरते. जिना चढताना लागणारी धाप कमी होते. माणूस खूश होतो.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांची, म्हणजे कंडरांची, गोष्ट वेगळी आहे. त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे त्यांना बळकट व्हायला महिने लागतात, आणि वयाबरोबर त्यांची लवचीकताही घटलेली असते. हाडाचेही तसेच आहे. ताण पडल्यावर हाड आधी थोडे झिजते आणि मग त्या जागी नवे हाड भरले जाते. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड थोडे कच्चे असते. पळताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या पायावर दर पावलाला दीडशे-दोनशे किलो, आणि एका किलोमीटरला हजारभर पावले! जुन्या टेम्पोला नवे इंजिन बसवले, पण खालचे पाटे जुनेच ठेवले, तर लगेच पूर्ण माल भरून कोणी घाट चढवत नाही. येथेही तेच समजावे.

म्हणूनच दुखापती बहुधा पहिल्या आठवड्यात होत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होतात. दम वाढलेला असतो, उत्साह असतो, पाय मात्र मागे असतात. छप्पन्न वर्षांचे एक शिक्षक तीन महिन्यांत शून्यावरून एकवीस किलोमीटरवर गेले. शर्यत पुरी केली, पदकही मिळाले. पुढचे पाच महिने मात्र टाचेच्या वरची कंडरा सुजल्यामुळे शाळेचा जिना एकेक पायरी धरून चढत होते. असे रुग्ण दर हिवाळ्यात दोन-चार तरी येतातच.

सुरुवात कशी करावी

पहिला महिना फक्त चालावे. आठवड्यातून पाच दिवस, तीस ते चाळीस मिनिटे, झपाझप. ज्यांना रोज चालण्याची सवय आहे त्यांनी हा टप्पा लवकर संपवला तरी चालेल.

दुसऱ्या महिन्यापासून एक दिवसाआड पळावे. एक मिनिट संथ पळणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ-दहा वेळा. जमू लागले की पळण्याची मिनिटे थोडी वाढवावी आणि चालण्याची कमी करावी. मधल्या दिवशी चालावे किंवा सायकल मारावी, पण पळू नये. कंडरा आणि हाडे त्या सुट्टीच्या दिवशीच दुरुस्त होतात. चार-पाच महिन्यांत सलग अर्धा तास पळता आले तर पुष्कळ झाले.

त्यानंतर आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्यात ते उलट कमी करावे. दहा किलोमीटर वर्षभराने, एकवीस किलोमीटर दीड वर्षाने. पूर्ण मॅरेथॉनचा विचार दोन वर्षांआधी करू नये. नाही केला तरी आरोग्याचे काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम एवढेच आहे.

वेग किती असावा? सोबत पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजून चालू लागावे.

आठवड्यातून दोनदा घरीच थोडा ताकदीचा व्यायाम करावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, हे दोन प्रकार केले तरी पोटऱ्या व मांड्या मजबूत होतात. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे लवकर ठिसूळ होतात, तेव्हा त्यांनी हे टाळू नये. "लोक काय म्हणतील" ही धास्ती अनेक भगिनींना असते. पतीच्या तपासण्यांच्या खर्चासाठी बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला. त्यांनी साठी ओलांडलेली होती. मात्र ती शर्यत तीन किलोमीटरची होती आणि त्यांचे पाय शेतमजुरीच्या कष्टाने तयार झालेले होते, हेही ध्यानात ठेवावे.

गुडघे झिजतात का?

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. निरोगी गुडघे बेताच्या पळण्याने झिजतात असे दिसून आलेले नाही. वर सांगितलेल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही धावपटूंच्या गुडघ्यांचे क्ष-किरण फोटो वर्षानुवर्षे काढले. त्यांत संधिवाताचे प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले नाही. वाढलेले वजन हे गुडघ्यांचे खरे वैरी. परंतु ज्यांचे गुडघे आधीच सुजतात, वाकतात किंवा मांडी घालताना अडकतात, त्यांनी पळण्याऐवजी चालणे, सायकल व पोहणे यांवर समाधान मानावे.

औषधे चालू असतील तर

मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर पळताना किंवा नंतर काही तासांनीही एकदम उतरू शकते. त्यांनी खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे, एकटे पळू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी वाढत नाही, तेव्हा मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नये. कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळी घेऊन पळण्याची चाल वाईट आहे, तिने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. अति पाणीही अपायकारक असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले होते, आणि पळताना वजन वाढलेल्यांत, म्हणजे गरजेहून जास्त पाणी प्यालेल्यांत, हे प्रमाण अधिक होते.

कुठे पळावे, कधी थांबावे

शक्यतो शाळा-कॉलेजचे मैदान किंवा कालव्याकाठचा मातीचा रस्ता निवडावा. हमरस्त्यावर पळावेच लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, उजाडल्यावर आणि फिकट रंगाचे कपडे घालून पळावे. शंभरीतही पळालेले फौजा सिंग जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळच्या रस्त्यावर मोटारीच्या धडकेने गेले. भल्या पहाटे अंधारात महामार्गाच्या कडेने चालणाऱ्या आपल्या मंडळींनी यावरून बोध घ्यावा.

ताप, जुलाब किंवा अपुरी झोप झाली असेल त्या दिवशी पळू नये. पळताना छातीवर दडपण, जबडा-मान-डावा हात यांत कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, अचानक दरदरून घाम, चक्कर किंवा छातीत धडधड जाणवली तर ताबडतोब थांबावे. "पित्त असेल, गॅस असेल" म्हणून सोडा पिऊन घरी झोपू नये. त्याच वेळी दवाखाना गाठून ई.सी.जी. काढून घ्यावा. तो नेहमीसारखा आला तर नुकसान काहीच नाही. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि ते रोज वाढत असेल, तर हाडाला चीर असू शकते. तेव्हा पळणे थांबवून तपासणी करून घ्यावी.

शर्यतीचा अर्ज भरण्याची घाई करू नये. या आठवड्यात तपासण्या करून घ्याव्यात आणि पुढच्या सोमवारपासून अर्धा तास चालायला लागावे. पदक पुढच्या वर्षी मिळाले तरी चालते.