टाकलेला युरिया पिकाला मिळाला की विहिरीत गेला? मातीत पुरलेली नळी सांगते

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की वाटेत वळसंग लागतं. उन्हाळ्यात इथल्या काळ्या रानाला भेगा पडतात. त्या भेगा लक्षात ठेवा, शेवटी त्यांचं काम आहे.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो नत्र असतं. जमिनीतले जिवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराचं अमोनियम त्यांना चिकटून राहतं. नायट्रेटचा भार मात्र ऋणच. माती त्याला धरत नाही, मग पाणी जिकडे, नायट्रेट तिकडे.

पाणी जास्त झालं की ते मुळांच्या खाली जातं, आणि पुढे विहिरीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्यापुढे तान्ह्या बाळांना धोका, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले ३५ टक्क्यांहून जास्त नमुने या मर्यादेबाहेर होते. (सगळा दोष खताचा नाही, सांडपाणीही त्यात आहे.)

मग खत खाली चाललंय हे ओळखायचं कसं? नेहमीचं माती परीक्षण मातीत किती आहे ते सांगतं, ते कुठे निघालंय हे नाही. त्यासाठी एक साधी नळी असते. तिच्या टोकाला माठासारखा पाझरणारा, भाजलेल्या मातीचा कप. एक नळी मुळांच्या थरात, दुसरी त्याखाली पुरायची. पाणी दिल्यावर सिरिंजने आतली हवा ओढून नळी बंद करायची. काही तासांत मातीतलं पाणी कपातून आत झिरपतं. ते काढून पट्टीवर नायट्रेट बघायचं. खालच्या नळीत आकडा चढत गेला, तर खत हातचं निघालं.

किती निघालं? समजा खालच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि हंगामात ५० मिलिमीटर पाणी मुळांखाली उतरलं. एकराला ते सुमारे दोन लाख लिटर होतं. म्हणजे २० किलो नायट्रेट, त्यात साडेचार किलो नत्र. गोणीचा पाचवा हिस्सा!

आता त्या भेगा. कोरड्या मातीतून नळीत थेंबही येत नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी कपाला चुकवून भेगांतून थेट खाली जातं. म्हणून काळ्या रानात एका नळीवर भागत नाही. तीन-चार ठिकाणी लावाव्यात, आणि भरवसा ठेवावा तो भेगा मिटल्यानंतरच्या नोंदींवर.