सपाट दगडाची छपाई

लाकडी ठशात कोरी जागा खोदून काढतात. एचिंगच्या पत्र्यात शाई खाचांत बसते. शिळाछापात मात्र उंच-सखल काहीच नसतं. रेघ आणि कोरी जागा एकाच पातळीवर, तरी शाई रेघेवरच चढते. तेल-पाण्याचं पटत नाही, एवढ्या भांडवलावर आलोइस सेनेफेल्डरनं १७९८च्या सुमारास बव्हेरियात ही पद्धत उभी केली.

दगड चुनखडीचा, आणि नावाजलेला तो बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला. कलाशाळेत तो नवा कोरा क्वचितच मिळतो. त्यावर आधीच्या कुणाचं तरी चित्र असतं, ते घासून काढायचं. पाणी आणि कार्बोरंडमची पूड टाकून त्यावर दुसरा दगड गोलगोल फिरवतात. पूड आधी जाडी, मग बारीक. मधूनमधून वरचा दगड खाली घ्यावा लागतो, नाहीतर एकाला खळगा पडतो नि दुसऱ्याला फुगवटा येतो. कंटाळवाणं काम खरं, पण इथे घाई केली तर जुनं चित्र नव्यातून डोकं वर काढतं.

मग चरबी, मेण, साबण आणि काजळीच्या खडूनं किंवा तसल्याच पातळ शाईनं चित्र काढायचं. अक्षरं असतील तर उलटी. हात आडव्या पट्टीवर टेकवायचा, कारण बोटाचा तेलकट ठसाही इमानेइतबारे छापला जातो.

खरी परीक्षा पुढे. चित्रावर राळ आणि टाल्कची पूड फिरवून डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालून ते मिश्रण लावतात. आम्ल दगड खोदतं, असा अनेकांचा समज असतो. ते इथलं काम नव्हे. चरबीतली आम्लं दगडातल्या चुन्याशी जखडून पाण्याला दूर ठेवणारा थर होतो, आणि कोऱ्या जागी डिंक घट्ट बसून पाणी धरून ठेवतो. फिक्या छटांना आम्ल कमी, दाट काळ्याला जास्त. प्रमाण चुकलं की नाजूक छटा जळतात किंवा सगळं काळं भरतं. माझ्या मते शिळाछाप येतो की नाही, हे चित्रकलेपेक्षा इथेच ठरतं.

नंतर टर्पेंटाइननं चित्र पुसून टाकतात! नवखा हबकतो. दगडावर पुसट खूण तेवढी उरते. ओला स्पंज, लगेच शाईचा रोलर, पुन्हा स्पंज, पुन्हा रोलर, असं करत चित्र परत वर येतं. दगड सुकू द्यायचा नाही. सुकला की कोरी जागाही शाई पकडते. शेवटी कागद, त्यावर जाड कागदाचं अस्तर, वर चरबी चोळलेला गुळगुळीत तक्ता ठेवून दगड प्रेसच्या दाबपट्टीखालून सरकवतात. पहिले काही छाप फिकेच येतात.

रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातली देवादिकांची चित्रं अशीच दगडागणिक रंग चढवत छापली. घरात एखादं जुनं असेल तर भिंग लावून पाहा. गालावरची सलग वाटणारी छटा हातानं टिंबलेल्या ठिपक्यांची निघेल.