दुष्कृत्याची गोडी

मनुष्याच्या हातून वाईट कृत्य का घडते, हे बहुधा आपल्याला समजू शकते. भूक, लोभ, क्रोध, भय, मत्सर यांपैकी एखादा विकार त्याला ओढून नेतो आणि विकाराचा वेग ओसरल्यावर पुष्कळदा त्याला पश्चात्तापही होतो. परंतु काहीही मिळवायचे नसता आणि कोणावर रागही नसता, केवळ गंमत म्हणून दुसऱ्याला इजा करणे व त्यात आनंद मानणे, ही गोष्ट निराळी आहे. भर्तृहरीने नीतिशतकात माणसांच्या प्रती लावल्या आहेत. स्वार्थ सोडून परहित साधणारे ते सत्पुरुष. स्वार्थ सांभाळून परहित करणारे ते सामान्य. स्वार्थासाठी दुसऱ्याचा घात करणारे ते मनुष्यरूपी राक्षस. परंतु कारणावाचून जे परहिताचा नाश करतात त्यांना काय म्हणावे, हे आपल्याला ठाऊक नाही, असे सांगून कवीने ती चौथी जागा रिकामीच सोडली आहे.

या रिकाम्या जागेचा विचार यहुदी लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथात फार बारकाईने केलेला आढळतो. हा ग्रंथ मराठी माणसाला अगदीच परका आहे असे नव्हे. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या आणि मराठी हीच मातृभाषा मानणाऱ्या बेने इस्रायल समाजाचा तो स्वतःचा धर्मग्रंथ. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते भाषांतर प्रसिद्ध झाले. याच ग्रंथात ‘मिश्ले’ नावाचा एक भाग आहे. मराठीत त्याला ‘नीतिसूत्रे’ म्हणतात. पित्याने पुत्राला करावा तसा हा उपदेश आहे. त्याच्या दुसऱ्याच अध्यायात पिता मुलाला एका विशिष्ट प्रकारच्या माणसांपासून सावध करतो. ही माणसे सरळ वाट सोडून अंधाराच्या वाटेने जातात, एवढेच तो सांगत नाही. त्या वाकड्या वाटेवर त्यांना हर्ष होतो, हे तो मुद्दाम सांगतो. वाट चुकलेला मनुष्य परत फिरू शकतो. ज्याला चुकीच्या वाटेचीच गोडी लागली, त्याने परत का फिरावे?

याच ग्रंथात पुढे दहाव्या अध्यायात म्हटले आहे की, मूर्खाला दुष्कर्म हे खेळासारखे वाटते. तेथे जो हिब्रू शब्द आला आहे त्याचा अर्थ ‘हसणे’ असाही होतो आणि ‘खेळ’ असाही होतो. सव्विसाव्या अध्यायात त्याच धातूपासून झालेला शब्द पुन्हा भेटतो. जळते कोलीत आणि प्राणघातक बाण फेकीत सुटलेल्या वेड्याची उपमा तेथे कोणाला दिली आहे? जो शेजाऱ्याला फसवतो आणि मग ‘मी तर थट्टा करीत होतो’ म्हणून मोकळा होतो, त्याला. खेळ, हसू आणि थट्टा या तिन्ही निरागस गोष्टी आहेत. म्हणूनच दुष्कृत्याला पांघरूण म्हणून त्या फार सोयीच्या पडतात.

हे वाचीत असता आमच्या भागातील एका प्रसिद्ध प्रथेची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मराठी भाषेचे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर हा मुलूखही तिकडेच राहिला. २०२३ मध्ये हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्याच्या बागा, कपाशी, पोळा, भजन-कीर्तन हे सारे येथे वऱ्हाड-नागपुरासारखेच आहे. सौंसर तालुक्यात जामसावळी येथे निद्रिस्त हनुमंताचे स्थान आहे. दुखणाईत माणसांना घेऊन लोक लांबलांबून तेथे येतात आणि ती बरी व्हावीत म्हणून मारुतीरायाला साकडे घालतात. इतक्या कनवाळू मनाची ही माणसे आहेत, हे आधी सांगून ठेवणे अवश्य आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार भरते. गोटा म्हणजे दगड. गोटमार म्हणजे दगडांची मारामारी. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. सकाळी नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि त्याची पूजा करतात. मग दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो आणि तो सायंकाळपर्यंत चालतो. त्या वर्षावातून पुढे जाऊन ते झाड तोडून आणावे, हा पराक्रम. शेवटी झाड चंडीमातेच्या देवळात अर्पण होते. यामागे एक कथा सांगतात. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असता दोन्हीकडून दगड सुटले आणि त्या दोघांचा पात्रातच अंत झाला. भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावाशीही कोणी या प्रथेचा संबंध जोडतात. कथेची ऐतिहासिकता काहीही असो. ती खरी मानली तरी तिच्यातला अपराध दगड मारणाऱ्यांचाच आहे, प्रेमिकांचा नव्हे. त्या दोघांची स्मृती जपण्याकरता आपण दरवर्षी त्यांच्या मारेकऱ्यांची भूमिका वठवावी, ही विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही.

या एका दिवसात दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. कोणाचे डोके फुटते, कोणाचा हात मोडतो, कोणाचा डोळा जायबंदी होतो. वर्तमानपत्रांतून या दिवशी जी नोंद पुन्हा पुन्हा छापली जाते तिच्यानुसार १९५५ पासून बाराहून अधिक माणसांनी येथे प्राण गमावले आहेत. १९७८ आणि १९८७ या वर्षी पोलिसांना गोळीबार करावा लागला आणि त्यातही जीव गेले. मनाईहुकूम निघतात, गोफणींवर बंदी घातली जाते, वैद्यकीय पथके आणि रुग्णवाहिका काठावर सज्ज राहतात. तरी दगड पडतच असतात.

प्रशासनाने केलेला एक प्रयोग विशेष विचार करण्याजोगा आहे. दगडांऐवजी रबरी चेंडू वापरावेत म्हणून ते पुरवण्यात आले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि पुन्हा दगड उचलले. गोटमारीला सर्वजण ‘खेळ’ म्हणतात आणि तीत उतरणाऱ्यांना ‘खेळाडू’ म्हणतात. खरोखर खेळच असता तर चेंडूने भागले असते. नेम, धावणे, झाडापर्यंत पोहोचण्याची चुरस, यांपैकी चेंडूने काय कमी झाले? फक्त एक गोष्ट कमी झाली, ती म्हणजे समोरच्याला होणारी इजा. आणि नेमकी तीच कमी झाल्याने गोडी गेली! आपला आनंद कशात होता, याचा निवाडा त्या चेंडूंनी केला.

यावर जुनी माणसे सांगतात, ‘आमच्या मनात वैर नसते. दोन्ही काठांवर सोयरीकसंबंध आहेत. संध्याकाळी सारे विसरून आम्ही एक होतो.’ हे म्हणणे प्रामाणिक आहे. परंतु वैर नसताना दगड मारणे हे वैराने मारण्यापेक्षा निर्दोष कसे ठरते? वैराला निदान कारण असते आणि कारण दूर झाल्यास ते शमते. कारणावाचून मारलेला दगड शमवायचा कसा? भर्तृहरीने जी जागा रिकामी सोडली, ती हीच.

हिब्रू ग्रंथातील ‘शमुवेल’ या इतिहासभागात एक प्रसंग आहे, तो तर जणू जाम नदीच्याच काठावरचा वाटावा. गिबोन येथील तळ्याच्या एका बाजूस अबनेर नावाचा सेनापती आपल्या लोकांसह बसला आहे आणि दुसऱ्या बाजूस दाविदाचा सेनापती यवाब. अबनेर सुचवतो की, तरुणांनी उठून आपल्यापुढे जरा खेळ करून दाखवावा. मूळ हिब्रूत तेथेही तोच हसण्या-खेळण्याचा धातू योजला आहे. यवाब संमती देतो. दोन्हीकडून बारा-बारा तरुण उठतात, प्रत्येकजण समोरच्याचे डोके धरून त्याच्या कुशीत तलवार खुपसतो आणि चोवीसही जण एकदम कोसळतात. खेळाची लढाई होते. दिवसाअखेर एका बाजूचे २० आणि दुसऱ्या बाजूचे ३६० पडल्याचा हिशेब ग्रंथकार देतो. ज्याने खेळ सुचवला तो अबनेरच सायंकाळी टेकडीवरून यवाबाला विचारतो की, ही तलवार अशीच खात राहणार काय, आणि याचा शेवट कडू होणार हे तुला कळत नाही काय. सकाळी ज्याने गंमत मागितली, त्यालाच संध्याकाळी कडवटपणा कळला. मध्ये जे गेले, ते मात्र परत आले नाहीत.

या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, अबनेर आणि यवाब स्वतः खेळले नाहीत. ते काठावर बसले होते आणि खेळ त्यांच्यापुढे व्हायचा होता. गोटमारीतही दगड मारणारे थोडे असतात आणि पाहणारे फार. काठ, पूल, घरांची गच्ची, सर्वत्र माणसे दाटलेली असतात. दगड लागला की आरोळी उठते, कोणी रक्तबंबाळ होऊन मागे आला की जयजयकार होतो. शाळेत काम केलेल्या कोणालाही हे तत्त्व परिचित आहे. वर्गातील दुबळ्या मुलाला चिडवणारा एखादाच असतो. त्याला बळ मिळते ते हसणाऱ्या बाकीच्यांचे. हसणे थांबले की चिडवणेही फार दिवस टिकत नाही.

पाहणाऱ्याच्या जबाबदारीविषयी त्याच धर्मशास्त्रात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, एक विलक्षण विधी सांगितला आहे. शेतात कोणाचे प्रेत आढळले आणि मारणारा कोण हे कळत नसेल, तर तेथून सर्वांत जवळचे गाव मोजून काढावे. त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी एका कालवडीला घेऊन वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात जावे, तेथे तिचा बळी देऊन तिच्यावर हात धुवावेत, आणि आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही व आमच्या डोळ्यांनी ते पाहिलेही नाही, असे जाहीरपणे म्हणावे. विधी प्राचीन आहे, पण त्यामागची दृष्टी आजही जागे करणारी आहे. अपराधी सापडला नाही म्हणून गाव सुटत नाही. जाम नदीच्या पात्रातही एखादा मनुष्य पडला तर तो कोणाच्या दगडाने पडला हे कधीच कळत नाही. गावच्या वडीलधाऱ्यांनी त्या नदीत हात धुवायचे म्हटले, तर प्रतिज्ञेचा पहिला अर्धा भाग ते म्हणू शकतील. दुसरा भाग त्यांना म्हणता येईल काय?

तर मग उपाय कोणता? बंदी पुष्कळदा घातली गेली आणि फसली. बंदी हाताला होते, गोडीला होत नाही. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली, तेव्हा पसायदानात दुर्जनांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातील वाकडेपणा गळून पडावा आणि त्यांना सत्कर्माची आवड लागावी, एवढेच मागितले. हिब्रू ज्ञात्याने वाकड्या वाटेतील हर्षावर बोट ठेवले. माउलींनी त्याच हर्षाला सरळ वाटेवर वळवण्याचा वर मागितला. रोगाचे निदान आणि औषध यांचा असा मेळ क्वचितच सापडतो.

गोडी वळवता येते, याची उदाहरणेही आहेत. उत्तराखंडात देवीधुरा येथे वाराही देवीच्या प्रांगणात राखीपौर्णिमेला असाच दगडांचा सामना होत असे. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यानंतर तेथे फळे आणि फुले फेकण्याचा प्रघात पडला. दगड अजून पुरते थांबलेले नाहीत, परंतु देवीच्या भक्तीत त्यामुळे उणेपणा आला असे कोणी म्हणत नाही. इतके दूरही जायला नको. पांढुर्ण्यापासून शंभरेक किलोमीटरवरील नागपुरात, पोळ्याच्या त्याच दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत मिरवतात. आरडाओरडा, गर्दी, उत्साह सारे तसेच असते. पण तेथे लोक इडापीडेची प्रतिमा करतात आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. तेथे जळते ते कागद, बांबू आणि कापड. कोणाच्या आईला रात्री इस्पितळात धावावे लागत नाही.

आपला पोळाच पाहा. त्या सणात आपण बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, त्याला कामाला जुंपीत नाही, त्याच्या अंगावर चाबूक उगारीत नाही, त्याला ओवाळून पुरणपोळीचा घास देतो. वर्षभर ज्याच्या पाठीवर आसूड पडला त्याची एक दिवस क्षमा मागण्याचा हा सण आहे. मुक्या जनावराविषयी इतकी कोमलता शिकवणाऱ्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी माणसाच्या कपाळावर दगड बसावा आणि आपण टाळ्या पिटाव्यात, हे शोभत नाही.

पळसाचे झाड राहो, झेंडा राहो, चंडीमातेची पूजा राहो. त्या दोन प्रेमिकांची आठवणही राहो. एवढेच व्हावे की, पुढल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातील वडीलधाऱ्याने मुलाबाळांना घेऊन देवीच्या देवळात जावे आणि तेथूनच घरी परतावे; नदीच्या काठावर उभे राहू नये. दगड मारणाऱ्यांना आवरणे आपल्या हाती नसेल. त्यांच्यासाठी आरोळी ठोकायची की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.